शिंग खाली ठेवता येत नाही

सत्तरावा वाढदिवस माणसानं आपल्या घरी, आपल्या द्राक्षाच्या मांडवाखाली करावा. हे मला कळत नव्हतं असं कुणी समजू नये. शाळेत मी फार टिकले नाही, निम्मी शाळा चहाच्या मळ्यात पानं खुडण्यात गेली, पण एवढं शाळेशिवायही कळतं. तरी मी, मक्वाला, कुताईसीच्या विमानतळावर जाऊन विमानात बसले आणि इटलीतल्या बारी नावाच्या म्हाताऱ्या शहरात वाढदिवस करायला गेले, ते हौस म्हणून नाही. मी माझी लेक परत आणायला गेले होते.

खातुनाचा नवरा ट्रक घेऊन निघाला तो डोंगरातल्या एका वळणावरच राहिला. मागे शिकणारा पोरगा आणि गळकं छप्पर. आमच्या इमेरेती प्रांतातल्या निम्म्या बाया तेव्हा बारीला जात होत्या, तिथल्या म्हाताऱ्या सांभाळायला. इटलीतल्या लेकांना आपल्या आया सांभाळायला सवड नसते म्हणून आमच्या लेकी जातात, आणि मग आमच्याकडे आयांना सांभाळायला कुणी उरत नाही. असा हा हिशेब. खातुना दोन वर्षांसाठी म्हणून गेली. आता पोरगा तिबिलिसीला नोकरीला लागला, छपरावर लाल पत्रा चढला, अंगणात नळ आला, आणि ही फोनवर म्हणते, "पुढच्या वर्षी, आई." हे पुढचं वर्ष आमच्या शेजारच्या झुझुनाच्या जावयासारखं आहे. येणार येणार म्हणून कोंबडी कापतात, आणि येत कधीच नाही.

या वर्षी तिनंच फोन केला. "आई, तुझा सत्तरावा. मला सुट्टी मिळत नाही, सिन्योराला सोडून येता येत नाही. तूच ये. समुद्र बघ."

"येते," म्हणाले मी. इतक्या चटकन म्हणाले की ती घाबरली.

नातवाला सांगून तिकिटं काढली. जायचं एक, यायची दोन. दुसरं खातुनाच्या नावाचं. ते मी कुणाला बोलले नाही, म्हणजे झुझुनाला बोलले. "येताना खातुना माझ्याबरोबर उतरेल. टर्की दाण्यावर बांधून ठेव." आता झुझुनाला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं. परतीचा रस्ता मी माझा मीच बंद केला.

बॅगेत घरची वाइन, चीज, अक्रोड, आंबट आलुबुखाराची चटणी, आणि माझ्या गेलेल्या मालकांचं वाइन प्यायचं शिंग. बैलाचं, तोंडाला चांदी बसवलेलं, आत अर्धा लिटर सहज जातं. आणि तळाशी खातुनाचा काळा पोशाख, इस्त्री करून. विधवा बाई गावात उतरणार ती काळ्यातच उतरायला हवी.

माझा बेत साधा होता. आमच्याकडे मेजवानीच्या मेजाला एक मालक असतो, त्याला तमादा म्हणतात. कशासाठी प्यायचं ते तो बोलणार, मग सगळे पिणार. बोललेल्या शब्दावर प्यायलं की शब्द पक्का. मग तो मागे घेणारा माणूस गावात तोंड दाखवू शकत नाही. आणि तमादानं एखाद्याकडे पाहून "अलावेर्दी" म्हटलं, की त्यानं उठून तोच शब्द पुढे न्यायचा. तो बोलत असताना पाद्रीसुद्धा मध्ये तोंड घालत नाही. तर माझ्या वाढदिवसाला, चार माणसांसमोर, प्यायचं "घरी परतणाऱ्यांसाठी", आणि अलावेर्दी द्यायची खातुनाला. आईच्या सत्तराव्या वाढदिवशी, भरल्या मेजावर, कुठली लेक नाही म्हणेल? फोनवर नाही म्हणणं सोपं असतं. फोनला डोळे नसतात.

*

विमानतळावर मी तिला ओळखलंच नाही. पिवळा झगा! लिंबाच्या सालीसारखा पिवळा, आणि हात उघडे.

"कुणाचा घातलास?" मी विचारलं.

"माझाच आहे, आई. आधी मिठी तरी मार."

"मारते. डोळे दिपतायत, थांब जरा."

तिची सिन्योरा, म्हणजे मालकीण, नुन्झिया नावाची. बारीच्या जुन्या भागात दुसऱ्या मजल्यावर राहते. बोळ इतके अरुंद की समोरच्या घरातलं कालवण जळलं तर खोकला आपल्याला यावा. म्हातारी माझ्याहून बरीच मोठी, पाय गेलेले, पण जीभ शाबूत. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, जशी मी बाजारात म्हैस पाहते.

काहीतरी म्हणाली. खातुनानं सांगितलं, "सिन्योरा म्हणतात, आपलं स्वागत आहे."

"एवढंच? तिचं बोलणं तर यापेक्षा बरंच लांब होतं."

"म्हणतात, प्रवासानं दमला असाल."

पुढे मला कळलं की ती म्हणाली होती, "ही आई? मला वाटलं, लेक रीतीची आहे म्हणजे आईही शिष्टाचाराची असेल." पण ते पुढे.

मी म्हणाले, "तिला सांग, माझी लेक तिनं वाळवून ठेवलीय. घरून आली तेव्हा गाल होते तिला."

खातुनानं सांगितलं. म्हातारीनं मान डोलावून हात छातीवर ठेवला. मी मनात म्हटलं, वा, निदान लाज तरी वाटली. लाज कसली! खातुनानं तिला सांगितलं होतं, 'आई म्हणते, तुम्ही मला मुलीसारखं ठेवलंत.' असे तीन दिवस माझी लेक आमच्या दोघींच्या मध्ये बसून चाळण चालवत होती. इकडून खडे जात होते, तिकडे पीठ पडत होतं.

पहिल्या सकाळी मला जाग आली तर खातुना घरात नाही. थोड्या वेळानं जिन्यावर पावलं वाजली. आली, केस ओले, गाल लाल.

"कुठे गेली होतीस?"

"पाव आणायला."

"पावाच्या दुकानात पाऊस पडतो वाटतं?"

हसली आणि स्वयंपाकघरात गेली. मी तिचा टॉवेल हुंगला. मीठ. जी पोरगी लहानपणी आमच्या नदीत घोट्याच्या वर कधी उतरली नाही, ती समुद्रात? मी काही बोलले नाही. माणूस एकदा न बोलता राहिला की पुढे कामाला येतं.

त्या दिवशी मी संत निकोलसाच्या देवळात गेले. त्याच्या अस्थी बारीतच आहेत. खाली तळघरात जाऊन मी त्याच्याशी स्पष्ट बोलले, आमच्या भाषेत, त्याला सगळ्या येतात. म्हणाले, "बाबा, माझी लेक माझ्याबरोबर विमानात बसव. मी गावात तुझ्या नावाची माझ्या उंचीची मेणबत्ती लावीन." वर आल्यावर खातुना म्हणाली, "सिन्योरापण रोज याच्याकडेच प्रार्थना करतात, आई."

"काय मागते ती?"

"माझं आयुष्य त्यांच्याआधी संपू नये, आणि मी कुठे जाऊ नये."

झालं! दोघी एकाच दुकानात, एकाच मालावर बोट ठेवून उभ्या. मी परत खाली गेले आणि नवसाच्या मेणबत्त्या एकाच्या दोन केल्या.

येताना बोळात बाया दाराशी खुर्च्या टाकून बसल्या होत्या, लाकडी पाटावर पिठाचे छोटे तुकडे सुरीनं ओढून कानाच्या आकाराचा पास्ता वळत होत्या. सुरीनं! पीठ काय शत्रू आहे? पीठ बोटांनी वळायचं असतं. मी तसं म्हणाले, पण खातुनानं ते भाषांतर केलंच नाही. ती तिकडे वळली होती. बायांमध्ये एक रिकामी खुर्ची होती, बसायला निळी उशी. बाकीच्या जरा सरकल्या, कुणी 'ये' म्हटलं नाही, 'बस' म्हटलं नाही, आणि माझी लेक जाऊन बसली, पीठ घेतलं, वळायला लागली. एक जाड बाई तिला काहीतरी म्हणाली आणि ती इतकी मोठ्यानं हसली की वरच्या खिडकीतून नुन्झियानं "काय झालं, मलाही सांगा!" म्हणून हाक मारली.

मी बाजूला उभी होते. मला बसायला कुणीतरी खुर्ची दिली. दिली, पण ती घरातून आणून द्यावी लागली.

*

वाढदिवसाचं मेज दुपारी मांडलं, सिन्योराच्याच घरी, कारण तिला जिना उतरता येत नाही. खाचापुरी, म्हणजे आमची चीज भरलेली रोटी, मी केली, अक्रोडातली कोंबडी मी केली, पालकाचे गोळे मी केले. तिथल्या बायांनी पास्ता पाठवला. माणसं पाच: मी, खातुना, नुन्झिया, तिचा लेक वितो, आणि खालची ती जाड बाई, जिचं नाव टीना. वितो वकील आहे, साठीला आलेला, आणि त्याचा एक कान कायम फोनला चिकटलेला. जणू जन्मतानाच नाळेऐवजी तो घेऊन आला.

मेजाला तमादा हवा, आणि तमादा पुरुष हवा. आमच्या गावात मुका पुरुष असेल तर आधी त्याला विचारतात, मग बाईकडे वळतात. आता पुरुष होता एकच. मी खातुनाला म्हटलं, "त्याला सांग, तू तमादा."

वितोला फार आनंद झाला. उठला, कोट सारखा केला, पेला उचलला, म्हणाला, "आरोग्यासाठी!" आणि गटकन सगळी वाइन पिऊन खाली बसला.

मी वाट पाहत राहिले.

"पुढे?" मी विचारलं.

"संपलं, आई," खातुना म्हणाली.

"संपलं? एका शब्दात? अगं, आमच्याकडे एवढ्यात तमादाचा घसासुद्धा साफ होत नाही! देवाचं नाव नाही, मेलेल्यांचं नाव नाही, ज्या बाईचा वाढदिवस आहे तिचं नाव नाही, आणि वाइन पोटात! हे बस थांब्यावर पितात तसं पिणं झालं."

वितोनं विचारलं, "काय म्हणतायत?"

"आई म्हणते, छान बोललात. पण पहिल्याच पेल्याला दमलात, आता ती स्वतः पुढचं बघेल."

अशी मी माझ्याच वाढदिवसाची तमादा झाले. वितोला वाईट वाटलं असावं, पण त्याचा फोन वाजला आणि त्याला बरं वाटलं.

मी देवासाठी बोलले. मग गेलेल्यांसाठी, माझ्या मालकांसाठी, खातुनाच्या मालकासाठी. तेव्हा खातुनानं पाव वाइनमध्ये बुडवून बशीत ठेवला, आमच्याकडे ठेवतात तसा, आणि नुन्झियानं न विचारता आपल्या गेलेल्या नवऱ्यासाठी तसाच एक ठेवला. मला ती पहिल्यांदा बरी वाटली. पण ते फार वेळ टिकायचं नव्हतं. कारण मग तिनं हात वर केला. तिला माझ्यासाठी बोलायचं होतं.

"बोलू दे," मी मोठ्या मनानं म्हणाले.

म्हातारीनं फुलदाणीच्या मागून आपला पेला काढला. पिवळा, वर फेस.

बीअर!

आता हे नीट समजून घ्या. आमच्याकडे बीअर पितात, कोण नाही म्हणतं. उन्हाळ्यात मीही पिते, मासा तळला की. पण बीअर हातात घेऊन कुणाच्या नावानं बोलत नाहीत. बोलतात ते एकाच माणसासाठी, शत्रूसाठी. बीअर उचलून 'शंभर वर्षं जग' म्हटलं, म्हणजे उद्या तुझी तिरडी निघो. आणि या बाईनं माझ्या सत्तराव्या वाढदिवशी, माझ्या मेजावर, माझ्या डोळ्यात पाहून बीअर वर केली आणि म्हणाली (शब्द खातुनाचे), "खातुनाच्या आईला शंभर वर्षं आयुष्य!"

खातुनाचा चेहरा चुन्यासारखा झाला. "आई, त्यांना माहीत नाही. वाइननं त्यांचं पोट जळतं, डॉक्टरांनी बीअरच सांगितलीय. मी सकाळी हात जोडले होते, सिन्योरा, आज एवढं पाणी घ्या म्हणून—"

"मग का नाही घेतलं?"

"म्हणाल्या, माझ्या घरात मी काय प्यायचं ते एक पाहुणी ठरवणार का?"

मी उभी राहिले. खरं सांगते, राग आला होता, पण त्याच्या तळाशी काहीतरी गार गार वाटलं. तीन दिवस या घरात साखर चाललेली. 'सिन्योरा म्हणतात छान, सिन्योरा म्हणतात वा.' आणि आज एक बाई निदान तोंडावर शत्रुत्व सांगत होती. माणसाला माणूस भेटलं.

"मलाही बीअर दे," मी म्हणाले.

"आई!"

"दे म्हणते ना!"

टीनानं फ्रिजमधून बाटली आणून दिली, तिला वाटलं माझा घसा कोरडा झाला. मी बीअर उचलली.

"नुन्झिया बाई," मी म्हणाले, "तू माझी लेक खाल्लीस. तुझ्या स्वतःच्या पोटी मुलगी नाही म्हणून दुसरीची उचललीस, तिचे गाल वितळवलेस, तिला लिंबाच्या सालीत गुंडाळलंस, आणि वर माझ्याच मेजावर बीअर उचलतेस. देव तुला भरपूर आयुष्य देवो. इतकं देवो की तुझ्या लेकाचा फोन बंद पडेल, आणि त्याला तुझ्याजवळ बसून तुझं ऐकावं लागेल."

आणि प्यायले.

खातुना हळूच म्हणाली, "आई म्हणते, तुमचे फार आभार."

नुन्झियानं खातुनाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा खातुनाकडे. "पोरी," ती म्हणाली, "मी पायानं अधू आहे, कानानं नाही. ही बाई पाद्रीच्या प्रवचनाएवढं बोलली. तिनं वितोकडे बोट केलं, फोनकडे केलं, तुझ्या झग्याकडे केलं. 'आभार' एवढ्यात मावत नाहीत. खरं सांग."

खातुनानं माझ्याकडे पाहिलं.

"सांग खरं," मीही म्हणाले. "तिचंही सांग, माझंही सांग. चाळण खाली ठेव."

आणि तिनं सांगितलं. सगळं. माझं आजचं तिला, मग तिचं पहिल्या दिवशीचं मला, मग माझं गालांचं तिला. सांगताना आमची खातुना एकदा इकडे, एकदा तिकडे वळत होती, घड्याळाच्या लंबकासारखी. वितोनं फोन खिशात ठेवला. टीना खाचापुरी खायची थांबली.

नुन्झिया हसायला लागली. खुर्ची हलेपर्यंत हसली. "फोन बंद पडेल!" म्हणत तिनं वितोच्या पाठीत चापट मारली. "मेल्या, ऐकलंस? जगाच्या दुसऱ्या टोकाहून बाई आली तेव्हा तुला कुणी बोललं!" मग डोळे पुसून माझ्याकडे वळली. "पण मी तुझी लेक बांधून ठेवली नाही, बाई. दार उघडं आहे. तिलाच विचार."

"मला विचारायची गरज नाही. मी तिला जन्म दिलाय."

"मीही त्याला जन्म दिलाय," तिनं वितोकडे बोट केलं. "मला काय कळतं त्याचं?"

आता मला वाटलं, हीच वेळ. लोखंड लाल आहे. मी बीअर बाजूला सारली आणि मालकांचं शिंग काढलं. वाइन काठोकाठ भरली. शिंगाची एक गोष्ट असते: त्याला बूड नसतं. एकदा भरलेलं शिंग हातात घेतलं की रिकामं केल्याशिवाय खाली ठेवता येत नाही. ठेवलं तर सांडतं, आणि आब पण त्याबरोबर सांडतो.

मी शिंग उचलून बोलले. घरासाठी बोलले. आमच्या द्राक्षाच्या मांडवासाठी, लाल पत्र्यासाठी, अंगणातल्या नळासाठी. "ज्यांची घरं त्यांची वाट पाहतायत, ते सगळे घरी परतोत," मी म्हणाले. "यायची तिकिटं दोन आहेत. एक माझं, एक खातुनाचं. ती माझ्याबरोबर विमानात बसणार आहे. या शब्दावर मी पिणार आहे. पण आधी अलावेर्दी, पोरी, तुला!"

सोंगटी पटावर बसली होती.

खातुना उठली. पिवळा झगा, हातात पेला. कुणीही बोलू शकत नव्हतं, मीही नाही. नियम माझाच.

"आई," ती म्हणाली, "तू बोललीस त्या घरासाठी मी पिते. त्या मांडवासाठी पिते. ज्या नळासाठी मी इथे दुसऱ्यांच्या आया धुतल्या, त्या नळासाठीही पिते. पण तू म्हणालीस, ज्यांची घरं वाट पाहतायत त्यांनी परतावं. आई, त्या घरात माझी वाट कोण पाहतं? गावात मी दारातून बाहेर पडले की बाया बोलायच्या थांबतात आणि उसासा टाकतात. बिचारी. अकरा वर्षं मी बिचारी आहे. इथे मी जिन्यावरून खाली उतरले की त्या सरकून जागा करतात आणि म्हणतात, उशीर केलास, पीठ वाळलं. सकाळी मी समुद्रात जाते, आई. पोहते. टीनानं शिकवलं. पाण्यात कुणी मला विचारत नाही की कुणाची बायको होतीस. मी परत येणार नाही. द्राक्षं तोडायला येईन, तुझ्या दुखण्याला येईन, तुझ्या एकाहत्तराव्याला येईन. राहायला येणार नाही. तू रागावलीस तरी."

आणि तिनं पेला संपवला.

नुन्झियाला राहवेना, ती कुजबुजली, "काय म्हणाली? माझ्यासाठी राहते म्हणाली का?"

खातुना म्हणाली, "नाही, सिन्योरा. तुम्ही गेल्यावरसुद्धा मी इथेच राहणार, असं म्हणाले."

म्हातारीनं विचार केला. "देवा, बरं झालं," ती म्हणाली. "म्हणजे मला आता सवडीनं मरता येईल. मी इतकी वर्षं नुसती हिच्यासाठी थांबलेय की काय असं वाटायचं."

आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात भरलेलं शिंग होतं.

नियम मला माहीत होता, मीच तीन दिवस सांगत होते. अलावेर्दी घेतलेल्यानं शब्द पुढे नेला की तमादानं त्यावर प्यायचं. तो शब्द जिकडे गेला तिकडेच. मी ठेवू शकत नव्हते. ओतून देऊ शकत नव्हते. खिडकीबाहेर टाकलं असतं तर खाली टीनाची कपड्यांची दोरी होती. माझे मालक असते तर त्यांनी काय केलं असतं? ते हसले असते आणि म्हणाले असते, मक्वाला, तू तुझ्याच आडात बादली सोडलीस, आता ओढ.

मी प्यायले. शिंगातून पिताना माणसाला बोलता येत नाही. कदाचित त्यासाठीच ते बनवलं असेल. माझ्या आयुष्यातली ती सर्वात लांब गप्प बसण्याची वेळ होती. मान वर करून पिताना मला छत दिसलं, आणि छतावरचा ओलीचा डाग, आणि कडेनं पिवळ्या झग्याचा थोडा तुकडा. शेवटचा घोट उतरवला, शिंग उलटं करून दाखवलं, एक थेंब पडला नाही.

"आई?" खातुना म्हणाली.

"काय आई?" मी म्हणाले. "द्राक्षं तोडायला म्हणालीस ना? तर सप्टेंबरच्या शेवटाला ये, ऑक्टोबरला नाही. दर वेळी तू काम संपल्यावर उगवतेस."

तिनं माझ्या गळ्यात हात टाकले. ओल्या मिठाचा वास येत होता. बहुतेक समुद्राचाच असावा.

*

निघताना मी बॅग उघडली तर तळाशी काळा पोशाख. इस्त्री केलेला, जसाच्या तसा. नुन्झियानं खुर्चीतून तो पाहिला.

"कुणाचा?"

"कुणाचाच नाही."

"आण इकडे." तिनं कापड दोन बोटांत घेऊन चोळलं. "चांगलं आहे. मला पुरताना अंगावर घालतील असं माझ्याकडे काहीच नाही. वितो मला पडद्यात गुंडाळेल. ठेव इथे."

ठेवला. शत्रूला नाही म्हणायचं तरी कसं, तेही वाढदिवसाच्या आठवड्यात.

विमानात माझ्या शेजारची खातुनाची जागा रिकामी होती. तिथे मी टीनानं दिलेली पास्त्याची पिशवी ठेवली आणि तिला पट्टा बांधला. तिकीट काढलंय, मग कुणीतरी बसलंच पाहिजे.

आता दर रविवारी नुन्झिया फोनवर दिसते. कधी कधी मुद्दाम तो काळा पोशाख घालून बसते, बीअरचा पेला वर करते आणि म्हणते, शंभर वर्षं जग. मीही माझी बीअर वर करते आणि तेच म्हणते. खातुना मध्ये बसून जे आहे ते सांगते, गाळत नाही. दोघीही अजून जिवंत आहोत. शत्रू असावा तर असा.

आणि झुझुना? ती टर्की घेऊन फाटकात उभी होती, माझ्या मागे कोण उतरतं ते बघत.

"खातुना कुठे?"

"तिला मीच तिथे ठेवून आले," मी म्हणाले. "तुला विश्वास नसेल तर बारीत चार साक्षीदार आहेत. शिंगभर पिऊन ठेवून आले. आता तो टर्की काप, दाणे खाऊन उगाच लठ्ठ होतोय."